पिक्चरमधून म्हातारी कोणी कापली?

अहो, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला आणि मला संशय आला.

नदीकाठी सगळे हात जोडून उभे होते. माझा भाऊ मारोती मनातल्या मनात कबुल्या जुळवत होता. लेकीचं, रेखाचं शिक्षण पुरं करू, दुकान बंद पडू देणार नाही, असं एकेक सांगून कावळ्याला राजी करायची त्याची तयारी होती. त्याला तोंड उघडायचीही उसंत मिळाली नाही. कावळा आला, भाताला चोच लावली आणि बाभळीवर जाऊन बसला. "नशीबवान माणूस," लोक म्हणाले, "कायबी मनात ठेवून गेला न्हाई." बायका माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, असं कसं होईल? आमचं भांडण तर अर्धंच राहिलंय. माझ्या प्रश्नाचं उत्तर या माणसानं कधी दिलं नाही, आणि हा तृप्त होऊन जातो?

तुम्ही जवळ असता तर म्हणाला असता, "आता कावळ्यावरबी शक घेऊन राहिली का?" हो, घेते. दूधवाल्याच्या मापावर घेते, बाजारातल्या तराजूवर घेते, अंगणवाडीत आलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिल्याशिवाय सही करत नाही. लग्नाला आठवडा झाला नाही तोच तुम्ही माझं नाव शक्कीबाई ठेवलंत. ते फाट्यावर सगळ्यांना कळलं, आणि पुढे जीपवालेसुद्धा मला "शक्कीवहिनी, चला, जागा हाय" म्हणू लागले. मी तेव्हाही जागा खरंच आहे का ते वाकून बघायची.

आज तुमच्या दुकानाची फळी उघडून बसले आहे. पाण्याचं घमेलं कोरडं पडलंय. सोल्यूशनचा वास मात्र अजून तसाच येतो, तुमच्या शर्टाला यायचा तसा. वारंगा फाट्यावर पंक्चर काढणारे दुसरेही होते, पण गिऱ्हाईक वाट वाकडी करून तुमच्याकडं यायचं, ते गोष्टीसाठी. ट्यूब पाण्यात बुडवली की तुम्ही सुरू करायचात आणि हवा भरून झाली की थांबायचात. एका पंक्चरला एक प्रकरण. पुढचं काय झालं हे ऐकायला ड्रायव्हर लोक पुढच्या खेपेला चांगलं चाक घेऊन येऊन बसायचे.

गोष्ट एकच होती. कोण्या परदेशी लेखकाची जुनी, नावाजलेली कादंबरी. शाळेत असताना तुम्ही तिचं मराठी पुस्तक वाचलं होतं म्हणे. एका जादूगारानं आख्ख्या राज्याची झोप चोरून डोंगराच्या पोटात कोंडून ठेवलेली असते. राजापासून कुत्र्यापर्यंत कोणाचा डोळा लागत नाही. मग एका नावाड्याचं पोरगं ती झोप परत आणायला निघतं. शेवटच्या खिंडीत एक शेळ्या राखणारी म्हातारी बसलेली असते. ती कोणावर म्हणजे कोणावर विश्वास ठेवत नाही. जादूगार त्या पोराचंच रूप घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. दोन सारखी पोरं, दोघंही म्हणतात मीच खरा. म्हातारी एकाही शब्दाला भुलत नाही. कडेवरचं करडू खाली सोडते आणि म्हणते, "हात पुढं करा." करडू खऱ्या पोराचा हात चाटतं, कारण माणसाच्या हाताला घाम असतो आणि घामात मीठ असतं. जादूगाराच्या हाताला ते तोंडही लावत नाही. म्हातारी काठी घेऊन जादूगाराच्या मागे धावते, आणि इथं तुम्ही पान्याने लोखंडावर असे ठोके द्यायचात की समोरच्या हॉटेलातली माणसंही हसायची.

ही म्हातारी तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलीत तेव्हा मी भाकरी थापत होते. माझे हात पिठातच थांबले.

का थांबले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. तुम्ही माझ्या माहेरी साखऱ्याला मला बघायला आलात तेव्हा माझा बाप तुमच्या बापाशी पावसापाण्याचं बोलत होता, आणि मी दाराआडून तुमच्याकडं बघत होते. केस चोपून बसवलेले, शर्ट नवा, बोलणं गोड. मला गोड बोलणाऱ्याची पहिल्यापासून भीती. मग मी आमचं करडू हळूच बैठकीत सोडलं. आमच्या आजीची रीत होती ती: परका माणूस घरात आला की करडाला जाऊ द्यायचं, त्यानं हात चाटला तर माणूस कष्टाचा, नाही चाटला तर चहा पाजून वाटेला लावायचा. तुमच्या आधी आलेल्या एका मास्तराच्या हाताला त्यानं तोंड लावलं नव्हतं. तुमचा हात मात्र ते चाटतच राहिलं. चुलत्यानं हाकललं तरी परत आलं. मी आत जाऊन आईला म्हटलं, "चालतंय." बैठकीतल्या पुरुषांना वाटलं करडू सुटलं असेल. ते मी सोडलं होतं हे मी आईशिवाय कोणाला सांगितलं नाही, आणि आई तर लवकरच गेली.

आता तुम्हीच सांगा, पिठात हात थांबणार नाहीत तर काय होईल? ते करडू परदेशी पुस्तकात असेल तर तो योगायोग. पण पुस्तकात नसेल, तर याचा अर्थ तुम्ही त्या दिवशी दाराआडच्या मला आरपार ओळखलं होतं, आणि वर मला म्हातारी करून फाट्यावर बसवलं होतं! यातलं खरं काय, हे मला जाणून घ्यायचं होतं. सरळ विचारता येत नव्हतं, कारण विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं. म्हणून मी आडून विचारलं. आठवतं?

"जादूगार एवढा हुशार," मी म्हटलं, "तर त्याला हाताला मीठ चोळायचं सुचलं न्हाई?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबलात. "न्हाई सुचलं."

"काहून?"

"ज्याला लई गरज असंल त्यालाच असं सुचतंय," तुम्ही म्हणालात आणि आणखी कालवण मागितलंत.

पुढं रेखा झाली, अंगणवाडी लागली, दिवस भरभर गेले. पण म्हातारीची गोष्ट तुम्ही सांगायला लागलात की मी कान टवकारून तुमच्या तोंडाकडं बघत बसायची. तुम्ही कधी माझ्याकडं बघत नव्हतात. एवढा गोष्टी सांगणारा माणूस नेमका तिथंच ट्यूबवर का वाकतो, याचा मला शक यायचा.

मग तो पिक्चर आला. फाट्यापलीकडच्या पडीक रानात तंबू टॉकीज लागली, आणि जीपवर कर्णा बांधून गडी ओरडत गेला की झोप चोरणाऱ्या जादूगाराचा परदेशी खेळ, आता हिंदीत, जगप्रसिद्ध कादंबरीवरून. फाट्यावर एकच गडबड उडाली. "आरं, हे तर नामदेवभाऊचं हाय!" तुमच्या गोष्टीवर कोणीतरी पिक्चर काढला म्हणून लोक तुम्हाला चहा पाजू लागले. मी मात्र मनातून धास्तावले होते. आज करडू पडद्यावर दिसणार की नाही, याचाच निकाल लागायचा होता. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. तुम्ही येतच नव्हतात. पोट बिघडलं म्हणालात. माझा विश्वास बसला नाही, मी हाताला धरून नेलं.

जादूगार चांगला होता, शिंगंबिंगं होती. नावाड्याचं पोरगं गोरं आणि रडवेलं. डोंगर, बर्फ, उडणारे पक्षी, सगळं झालं. खिंड आली. आख्खा तंबू सावरून बसला. मी पदराचं टोक तोंडात धरलं. आणि ते पोरगं खिंडीतून सरळ निघून गेलं! ना म्हातारी, ना शेळी.

बाबाराव जीपवाले उभे राहिले. "ए, थांबव! म्हातारी कुटं हाय?"

मग जो कल्ला झाला तो पिक्चर संपेपर्यंत चालला. जादूगार मेला तरी कोणाचं लक्ष नव्हतं. बाहेर कंदिलाच्या उजेडात प्रत्येकजण आपापलं मत सांगत होता. "बाकी समदं बराबर हाय," बाबाराव म्हणाले, "पन म्हातारीबिगर त्येच्यात काय राह्यलं? कादंबरीची माती केली." हॉटेलवाल्या सीताबाईंचं म्हणणं, परदेशात शेळ्या राखणारी बाई मिळाली नसेल, म्हणून गाळली. कोणी म्हणालं सरकारनं कापली, बाई जादूगाराला काठीनं मारते म्हणून. शाळेचे गुरुजी होते. त्यांनी ते पुस्तक पाहिलंही नव्हतं, पण चष्मा पुसत म्हणाले, मूळ कादंबरीची सर पिक्चरला कधी येत नाही, त्यातली म्हातारी तर अजरामर आहे. हे ऐकून सगळ्यांना जोर चढला. आणि मग संशय फिरत फिरत गरीब करीमभाईंवर येऊन थांबला, मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरवर. खेळ लवकर संपवून जेवायला जायला मिळावं म्हणून यानंच रीळ कापलं!

करीमभाईंनी डबे उघडून दाखवले, शपथा घेतल्या. "अरे भाई, जितना आया उतना दिखाया!" कोणी ऐकेना. बाबारावांनी त्यांची कॉलर धरली. तुमचा एक शब्द तिथं पुरेसा होता. सगळे तुमच्याच तोंडाकडं बघत होते, मी तर सगळ्यांत जास्त. आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून उभे राहिलात. बाबारावांनी विचारलं, "नामदेवभाऊ, पुस्तकात म्हातारी हाय का न्हाई?" तुम्ही चपलेनं माती उकरत म्हणालात, "कापलं असंल." शेवटी गुरुजींनीच बाबारावांना आवरलं.

घरी जाताना मी तुम्हाला सोडलं नाही.

"खरं सांगा, हाय का ती पुस्तकात?"

"कापलं असंल म्हनलं ना."

"त्या बिचाऱ्याची कॉलर धरली, तवा काहून बोलले न्हाई?"

"तू बी काय धरून बसली. पिक्चर कसा वाटला ते सांग."

"मला तुमचाच पिक्चर चांगला वाटून राहिला," मी म्हटलं. त्यावर तुम्ही हसलात, पण तुमचा चेहरा उतरलेला होता आणि तो मी पाहिला होता.

त्यानंतर आपलं कुठलंही भांडण याच जागी येऊन थांबायचं. मिठाच्या बरणीचं झाकण कोणी उघडं ठेवलं इथून सुरू झालं तरी मी शेवटी विचारायची, "म्हातारी कुठं होती?" आणि तुम्ही म्हणायचात, "कापलं असंल." रेखा नांदेडला शिकायला गेली तेव्हा म्हणाली, "आई, तिथल्या लायब्रीत ते पुस्तक असंल, आणते. एकदाचा निकाल लागंल." तुम्ही म्हणालात, "आण की." लगेच म्हणालात, त्यामुळे मला वाटलं की पुस्तकात म्हातारी आहेच. मग रातभर विचार करून वाटलं, मी पुस्तक आणू देणार नाही हे ओळखूनच तुम्ही तसं म्हणालात. आणि मी खरंच नको म्हटलं. पुस्तकात म्हातारी निघाली असती तर मला वाईट वाटलं असतं, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मला कोणीतरी ओळखलं आहे असं वाटण्यात जे सुख होतं, ते मला पुस्तकाच्या पानाला द्यायचं नव्हतं.

आणि तुम्ही गेलात. ट्यूब पाण्यात, गिऱ्हाईक बाकड्यावर, गोष्ट खिंडीच्या अलीकडं. छातीला हात लावलात आणि बसल्या जागी कलंडलात, असं बाबाराव सांगतात. मी येईपर्यंत तुमचे हात गार पडले होते. ते मी पदरानं पुसले. काळे हात, नखात रबर, आणि मला त्या क्षणी काय सुचावं? वाटलं, आता करडू आणलं तर चाटेल का. मला माझीच भीती वाटली.

दहावा झाला. आणि काल करीमभाई आले.

मी त्यांना ओळखलं नाही. तंबू कधीच बंद झालेला, आता ते लग्नात लायटिंग लावतात. बाकड्यावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाभी, ते पिक्चरचं आठवते का? मी एक फूट रील कापलं नव्हतं."

"मला ठाऊक हाय," मी म्हटलं. ठाऊक नव्हतं, पण माणूस दुखवट्याला आला होता.

"भाऊला बी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, किटलीत चहा घेऊन. माझे पाय धरायला लागले. म्हणाले, करीमभाई, माझ्यामुळं तुमाला तकलीफ झाली. मैं पूछा, वो बुढी किताब में है या नहीं? तर भाऊ बोलले, किताब में नहीं, साखऱ्यात हाय."

मी उभी होते, ती खाली बसले.

करीमभाई सांगत गेले. तुम्ही मला बघायला येण्याआधीच बघितलं होतं. गोरेगावच्या बाजारात मी बापासोबत बोकड विकत होते, आणि व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायला घेतला तेव्हा मी तो रुमाल ओढून काढला. "जे काय हाय ते उजेडात बोला," मी म्हणाले. तिथंच म्हणे तुम्ही ठरवलंत. मग चौकशी केलीत, आणि कोणीतरी तुम्हाला करडाची रीत सांगितली. तुम्ही तेव्हा बेकार, घरी खुर्चीत बसून पुस्तकं वाचणारे, हाताला घट्टा नाही. येताना फाटकाबाहेर थांबून तुम्ही खिशातलं मीठ दोन्ही तळव्यांना चोळलंत.

मीठ चोळलंत!

"मग बायकोला सांगून का टाकत नाही, मी विचारलं," करीमभाई म्हणाले. "तर भाऊ बोलले, तिचा माणसावर भरोसा न्हाई, करीमभाई, करडावर हाय. तेवढा राहू द्या."

मी शक्कीबाई. करीमभाईंवरही शक घेतला. दुखवट्याला आलेला माणूस गोड करून सांगणारच. म्हणून विचारलं, करडू कसं होतं, सांगितलं का भाऊनं? ते सहज म्हणाले, "हां, एक कान फाटलेलं. कुत्र्यानं धरलं होतं ना?" माझ्या आईनं त्या कानाला हळद लावून चिंधी बांधली होती. ते करडू त्या बैठकीत असलेल्या माणसाशिवाय कोणाला आठवायचं कारण नाही. मग मात्र माझा बांध फुटला. करीमभाई बिचारे घाबरले, पाणी आणायला पळाले. त्यांना कळेना मी रडते आहे की हसते आहे. मलाही कळत नव्हतं.

आता बोलू का? मी तुमच्यावर चिडले आहे. आख्ख्या तालुक्यात मला फसवणारा पैदा झाला नाही असं मी छाती ठोकून सांगायची, आणि तुम्ही समोर बसून वरणभात खात ऐकायचात! मिठाची बरणी मीच तुमच्या पुढ्यात सरकवायची! तुम्ही गोष्टीत म्हातारीला कधी फसू दिलं नाहीत, ते का, हे आता कळतं. जादूगाराला जे सुचू दिलं नाहीत ते स्वतः केलं होतं. आणि फसवून आणलेल्या बाईला पुन्हा पुन्हा, फाट्यावरच्या ड्रायव्हरांसमोर, राज्य वाचवायला लावलंत. तुमच्या गोष्टीमुळं जगप्रसिद्ध पिक्चर आमच्या फाट्यावर पडला. त्या सगळ्या लोकांना पिक्चरमध्ये मी पाहिजे होते, आणि मी नव्हते म्हणून त्यांनी कॉलर धरली. असा मान कोणत्या बाईला मिळाला असेल?

करडाचं काही चुकलं नाही, एवढंच म्हणते. पुढं तुमच्या हाताला घट्टेही पडले आणि घामही आला. त्यानं थोडं आधी चाटलं.

कावळ्याचाही उलगडा झाला. तुम्ही मनातलं करीमभाईंकडं कधीच सांगून मोकळे झाला होतात, तुमचं काही अडकलं नव्हतं. माझं अडकलंय. करडाची रीत घरातल्या बायकापोरांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, मग ती तुम्हाला कोणी सांगितली? मारोती कालपासून माझी नजर चुकवून राहिला आहे. विचारलं की म्हणतो, "आक्का, मला काय ठाव." तो खोटं बोलतोय की काय, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्या वेळी कावळा लवकर शिवणार नाही, हे रेखाला सांगून ठेवलं आहे. तिनं भातावर थोडं मीठ टाकून बघावं.